कोर्टात बोलायचं कसं? शिवाजीनगरला नव्याने आलेल्या ज्युनियर वकिलांसाठी

दरवर्षी सनद घेऊन पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात नवीन पोरंपोरी येतात, त्यातली बरीच कॉलेजात वक्तृत्व गाजवलेली असतात, कुणी मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यांत, बक्षिसं घेतलेली, कुणी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत काम केलेलं, आणि तरी काही महिन्यांत यांच्यातलेच लोक बार रूममध्ये बसून सांगतात की कोर्टात बोलायला जमतच नाही, जजसाहेब मान वर करून बघतच नाहीत. आणि तिकडे राजगुरुनगर नाहीतर वडगाव मावळकडचा एखादा पोरगा, आयुष्यात स्टेजवर न चढलेला, उठतो, चार वाक्यं बोलतो, ऑर्डर घेतो आणि चहाला जातो.

स्टेजवर समोरचा माणूस ऐकत असतो, कोर्टात समोरचा माणूस लिहीत असतो, सगळा फरक इथे आहे. जज नोट्स काढताहेत, स्टेनो टाइप करतोय, रोजनामा, म्हणजे दिवसाच्या कामाची कोर्टाची नोंद, तयार होतोय, वरच्या कोर्टात अपील गेलं तर तिथे तुमचा आवाज जाणार नाही, हा कागद जाणार. त्यामुळे मान वर करून बघत नाहीत म्हणून नाराज होऊ नका, मान खाली म्हणजे बहुतेक वेळा तुमचंच लिहून घेताहेत. खाली जे काही सांगतोय ते सगळं ह्याच एका गोष्टीवरून आलंय: लिहिणाऱ्या माणसाला सोपं जाईल असं बोलायचं.

आधी काही दिवस नुसतं बसा

आपलं मॅटर झालं की लगेच कँटीनला पळू नका. एखादं कोर्ट पकडा, मागच्या बाकावर वही घेऊन बसा आणि आपणच जज आहोत असं समजून प्रत्येक वकिलाचं बोलणं लिहून काढायचा प्रयत्न करा. फार काही नाही, कोण, काय मागतंय, कशाच्या जोरावर, एवढंच. अर्ध्या तासात कळतं की काही वकिलांचं बोलणं आपोआप वहीत उतरतं आणि काहींचं कितीही ऐकलं तरी पान कोरं राहतं, मग ते कितीही तालेवार इंग्रजी बोलत असोत. कोरं पान ठेवणाऱ्यांनी काय केलं ते शेजारी लिहून ठेवा. पार्श्वभूमी सांगत बसले, तारखा सलग सांगितल्या नाहीत, कागद कुठला ते सांगितलंच नाही, असं काहीतरी निघेल.

जजसाहेबांची पद्धतही इथेच कळते. काही जण फाईल आधी वाचून येतात, त्यांना दाव्याची हकिकत पहिल्यापासून सांगायला लागलात की ते पेन खाली ठेवतात. काही जणांना आधी हकिकतच लागते. काहींना मराठी आवडतं, काही स्वतः इंग्रजीत डिक्टेट करतात. हे ज्या कोर्टात तुमची मॅटर्स जास्त लागतात तिथल्यापुरतं तरी माहीत पाहिजे.

सुप्रीम कोर्टाचं लाइव्ह स्ट्रीमिंग बघून शिकणारेही बरेच आहेत. घटनापीठाच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून दिसायला लागल्या, जरूर बघा, पण तिथे एकेक युक्तिवाद दिवसच्या दिवस चालतो आणि आपल्याकडे दिवाणी कोर्टाचा बोर्ड, म्हणजे दिवसाच्या मॅटर्सची यादी, एवढा लांब की तुमच्या वाट्याला पाच मिनिटं आली तरी खूप. तिथून भाषेतली सभ्यता घ्या, लांबी घेऊ नका. आणि लांबीवरूनच आठवलं, टिळकांनी १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःच्या बचावाचं भाषण मिळून जवळपास २१ तास केलं होतं, ज्युरीने सात विरुद्ध दोन असा दोषी ठरवला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. अर्थात ते बोलत होते ते कोर्टाबाहेरच्या देशासाठी, पण तुमच्या अशिलाला तसलं काही नकोय, त्याला पुढच्या तारखेपर्यंत स्टे हवाय.

पुकारा झाल्यावरची पहिली दहा सेकंद

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पट्टेवाल्याने पुकारलं, तुम्ही मागून गर्दीतून वाट काढत, फाईल सांभाळत पुढे येता आणि धापा टाकतच बोलायला लागता. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू जात नाही, मग जज "काय?" म्हणतात आणि तिथेच निम्मा धीर जातो. उपाय साधा आहे. आपला नंबर यायच्या दोन-तीन मॅटर आधी पुढच्या रांगेत येऊन उभं राहा. ईकोर्ट्सच्या ॲपवर बोर्ड आदल्या दिवशी बघून ठेवा, अनुक्रमांक लिहून ठेवा. आणि आता पिंपरीहून या नाहीतर वनाजहून, दोन्ही मेट्रो सिव्हिल कोर्टलाच उतरवतात, त्यामुळे पार्किंग शोधून घामाघूम होऊन कोर्टात शिरायचं कारण फारसं उरलेलं नाही.

पुढे आलात की लगेच तोंड उघडू नका. फाईल ठेवा, एक श्वास घ्या, जज आधीच्या मॅटरची ऑर्डर संपवून तुमच्या फाईलकडे वळेपर्यंत थांबा. मग पहिलं वाक्य, ते पाठच करून या: "सर, बोर्डवरचा अनुक्रमांक २४, मी वादीतर्फे, आज निशाणी ५ वर युक्तिवादासाठी आहे." नंबर, बाजू, आजचं काम, एवढंच (निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज). हे बोलताना आवाज सापडतो, पाय थरथरत असतील तर तेही थांबतात, निदान कमी तरी होतात.

मिलॉर्ड वगैरे म्हणायची गरज नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्येच नियम केलाय की हायकोर्ट-सुप्रीम कोर्टात "युअर ऑनर" किंवा "ऑनरेबल कोर्ट" आणि खालच्या कोर्टात "सर" किंवा स्थानिक भाषेतला तसा शब्द चालतो. सर, मॅडम, साहेब, जे तोंडात बसेल ते, फक्त दर वाक्याला लावू नका, टाइप करणाऱ्याला पण कंटाळा येतो.

तारीख मागणं हेही बोलणंच आहे

ज्युनियरच्या वाट्याला पहिलं वर्षभर हेच जास्त येतं आणि म्हणून कुणी ते शिकत नाही. "सर, सीनियर मुंबईला गेलेत, तारीख द्या" हे पुण्यातल्या कोर्टांचं राष्ट्रगीत झालंय. आपली अपिलं आणि रिट मुंबईलाच जातात, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तरी त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही, त्यामुळे सीनियर मुंबईला असणं खरंच असतं बऱ्याचदा. पण दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर १७ रूल १ काढून वाचा एकदा, तिथे स्पष्ट लिहिलंय की वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलाय हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही, आणि सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला बोर्ड बघून कळेलच, पण जजने ह्याच रूलवर बोट ठेवलं तर तुमच्याकडे बोलायला काहीतरी हवं ना.

मग काय बोलायचं? काय काम अडलंय, का अडलंय, कधी करणार. "सर, साक्षीदार हजर आहेत पण मूळ खरेदीखत बँकेकडे तारण आहे, बँकेला पत्र दिलंय, प्रत जोडलीय, पुढच्या तारखेला मूळ दस्त घेऊन साक्ष पूर्ण करतो." अशी मागणी झाली की जजला रोजनाम्यात कारण लिहिता येतं. नुसतं "तारीख द्या" म्हणालात तर ते कारण म्हणून काय लिहिणार? समोरच्या वकिलाला आधीच बाहेर गाठून सांगितलेलं असेल तर आणखी बरं, कोर्टात अचानक आक्षेप येत नाही. आणि सीनियर खालच्याच मजल्यावर असतील तर तारीख मागूच नका, "थोडा वेळ कीप बॅक ठेवा सर" म्हणा आणि पळत जाऊन त्यांना घेऊन या.

पाच मिनिटांचा युक्तिवाद

तात्पुरत्या मनाईचा अर्ज घेऊ, म्हणजे निशाणी ५, ऑर्डर ३९ रूल १ आणि २, कारण पुण्यात जमिनीची मॅटर्स एवढी आहेत की हा अर्ज तुमच्या हातात येणारच. नवीन लोक कुठून सुरू करतात? पणजोबांपासून. पणजोबांनी जमीन घेतली, त्यांना तीन मुलं, मग फेरफार, मग गुंठेवारी, मग डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट, आणि आठव्या मिनिटाला कुठेतरी कळतं की प्रतिवादीने कुंपण काढलंय. तोपर्यंत जजसाहेबांनी दोनदा घड्याळ बघितलेलं असतं.

उलटं करा. आधी मागणी, मग कशावरून, मग कागद कुठे आहे (से म्हणजे अर्जावर समोरच्याने दिलेलं लेखी म्हणणं):

"सर, वहिवाटीला अडथळा करू नये एवढीच मनाई मागतोय. सातबाऱ्याला वादीचं नाव आहे, कागदयादीतला अनुक्रमांक १. प्रतिवादीने मागच्या महिन्यात तारेचं कुंपण काढलं, फोटो अनुक्रमांक ६, पोलिसांकडचा अर्ज अनुक्रमांक ७. प्रतिवादीच्या से मध्ये कुंपण काढल्याचं नाकारलेलं नाही, पॅरा ९ बघावा."

इथे थांबा. खरंच थांबा, जजना पॅरा ९ काढू द्या. ही शांतता नवीन माणसाला खायला उठते, म्हणून तो मध्येच बोलत राहतो आणि जजचं वाचन आणि तुमचं बोलणं दोन्ही वाया जातं. पान सापडलं, मान हलली, की पुढे. प्रथमदर्शनी केस, बॅलन्स ऑफ कन्व्हिनियन्स आणि भरून न येणारं नुकसान ह्या तीन गोष्टी ऑर्डरमध्ये लिहाव्याच लागतात, तर तुमचा युक्तिवाद त्याच तीन खणांत द्या, त्याच क्रमाने. पणजोबा लागले तर प्रश्न येईल, तेव्हा सांगा.

भाषेचं म्हणाल तर महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, १९९८ ची अधिसूचना आहे त्याबद्दल, तेव्हा मराठीत बोलायला लाजायचं काही कारण नाही. पण सरकारी अनुवादातली जड मराठी ओढून आणू नका, "प्रस्तुत प्रकरणी सादर करण्यात येते की" हे अर्जात ठीक, तोंडी बोलताना जीभ अडखळते. जामिनाला जामीन म्हणा, स्टेला स्टे म्हणा, जे बारमध्ये बोलता तेच. वाईट काय तर अर्धं वाक्य इंग्रजीत सुरू करून व्याकरण सापडेना म्हणून मराठीत संपवणं, ते ऐकणाऱ्याला लिहिताच येत नाही.

आवाज, आणि वाक्याच्या शेवटी असलेलं "नाही"

यावर लोक बेसिकमध्येच चुकतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. "सदर रक्कम प्रतिवादीने वादीला आजतागायत दिलेली नाही." आता आपली सवय काय, वाक्य जोरात सुरू करायचं आणि श्वास संपत आला की शेवट गिळायचा. पंखा चालू, मागे पन्नास माणसं कुजबुजताहेत, कीबोर्डचा आवाज, माइक असला तर असला. समोर काय ऐकू गेलं? "रक्कम दिलेली..." पुढचं गायब. म्हणजे तुमच्या वाक्याचा नेमका अर्थच हवेत गेला. म्हणून नियम: वाक्य छोटं ठेवा म्हणजे श्वास पुरतो, आणि शेवटचे दोन शब्द पहिल्या दोन शब्दांएवढ्याच जोरात म्हणा. पुरुषोत्तमवाल्यांना हे पटकन जमतं, त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते, त्यांनी फक्त हातवारे आणि ते नाट्यमय पॉज घरी ठेवून यावेत.

दुसरं, आकडे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, हे गोंगाटात एकसारखेच ऐकू येतात, आणि गट नंबरात ही चूक म्हणजे शेजाऱ्याच्या शेतावर मनाई. गट नंबर, चेक नंबर, तारीख नेहमी सुटे आकडे करून सांगा, "गट नंबर सात नऊ". रक्कम असेल तर "पावणेदोन लाख" न म्हणता "एक लाख पंचाहत्तर हजार". पावणे, सव्वा, दीड, अडीच हे मंडईत ठेवा.

वेग किती ठेवायचा याचं माप समोरच आहे, जजचं पेन. पेन चालू असेपर्यंत नवीन मुद्दा नाही. बस.

जज मध्येच प्रश्न विचारतात तेव्हा

घाबरू नका, प्रश्न आला म्हणजे ऐकताहेत. उत्तराचा पहिला शब्द "हो" किंवा "नाही" असला पाहिजे, कारण त्यानंतर सांगायचं. "दावा मुदतीत आहे का?" "हो सर, नकार मार्च २०२३ मध्ये मिळाला, नोटीसचं उत्तर अनुक्रमांक ४." असं. "सर, त्या मुद्द्यावर मी येतोच" हे वाक्य डोक्यातून काढून टाका, जजना जेव्हा शंका आली तेव्हाच तिचं उत्तर लागतं, तुमच्या क्रमाने नाही. माहीत नसेल तर "कागद बघून सांगतो सर" म्हणा आणि खरंच दोन मिनिटांत बघून सांगा. अंदाजे काहीतरी ठोकून दिलं आणि रेकॉर्डला वेगळं निघालं तर पुढची कित्येक वर्षं त्या कोर्टात तुमचा प्रत्येक शब्द तपासून घेतला जाईल, बार छोटा आहे हो, सगळं सगळ्यांना कळतं.

समोरच्या वकिलाशी वाद घालायचा नाही. बोलायचं जजशी. "हे खोटं बोलताहेत" च्या जागी "हे म्हणणं त्यांच्याच से च्या पॅरा ५ शी जुळत नाही". तेच सांगितलंत, पण हे लिहून घेता येतं.

आणि अशिलाला आधीच बाहेर बजावून ठेवा की मागून कोट ओढायचा नाही, काही आठवलं तर चिठ्ठी द्या. नाहीतर ऐन रंगात काका मागून "ते विहिरीचं सांगा, विहिरीचं" करत राहतात.

उलटतपास: खरं बोलणं इथे

दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने दिलेली साक्ष, २००२ च्या दुरुस्तीपासून ऑर्डर १८ रूल ४ प्रमाणे ॲफिडेव्हिटवर येतो, चेक बाऊन्सच्या केसमध्येही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १४५ खाली ॲफिडेव्हिट चालतं, म्हणजे तोंडी काम सुरू होतं ते थेट उलटतपासापासून. आणि नवीन वकिलाचं बोलणं सगळ्यात जास्त इथे उघडं पडतं.

आधी रेकॉर्ड कसं होतं ते समजून घ्या. तुम्ही प्रश्न विचारता, साक्षीदार उत्तर देतो, पण कागदावर बहुतेक वेळा प्रश्न-उत्तर येत नाही, जज दोन्ही मिळून एक वाक्य करून डिक्टेट करतात, साक्षीदाराच्या तोंडी. "हे म्हणणे खरे आहे की, मी दरवर्षी आयकर विवरणपत्र भरतो." म्हणजे तुमचा प्रश्न असा पाहिजे की त्याचं एका झटक्यात असं वाक्य होईल.

उदाहरण बघा. १३८ ची म्हणजे चेक बाऊन्सची केस, फिर्यादी म्हणतो पाच लाख हातउसने रोख दिले, आरोपीचं म्हणणं चेक सिक्युरिटीचा होता. कलम १३९ मुळे गृहीतक, म्हणजे चेक देणं फेडायलाच दिला हे, फिर्यादीच्या बाजूने, ते तुम्हाला हलवायचंय. नवीन वकील विचारतो: "तुम्ही एवढे पाच लाख रुपये रोख कुठून आणले आणि ते जर दिले होते तर त्याची काही लिखापढी का केली नाही आणि तुमच्या रिटर्नमध्ये ते का दिसत नाहीत?" आता साक्षीदाराला तुम्ही स्वतःच्या हाताने माइक दिला. तो म्हातारी आई, विकलेली म्हैस, मैत्री, विश्वास सगळं सांगणार, आणि ते सगळं तुमच्या उलटतपासात लिहिलं जाणार.

तेच तुकडे करून:

"तुम्ही दरवर्षी रिटर्न भरता?" हो.
"ज्या वर्षी रक्कम दिली म्हणता त्या वर्षीचंही भरलंय?" हो.
"त्यात ही पाच लाखांची रक्कम दाखवलेली नाही?" नाही दाखवली.
"रक्कम दिल्याची पावती किंवा लिखापढी नाही?" नाही.

आणि खाली बसा. पुढचा "का?" जिभेवर येतोच, तो गिळा. "का नाही दाखवली" चं उत्तर युक्तिवादात तुम्ही द्यायचंय, साक्षीदाराने नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि ज्याचं उत्तर कागदावरून आधीच माहीत आहे किंवा कुठलंही आलं तरी नुकसान नाही असेच प्रश्न. उलटतपासात सूचक प्रश्न विचारायची मुभा आहेच, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १४६, जुन्या पुस्तकात १४१ ते १४३. इथे एक लक्षात ठेवा, नवा कायदा १ जुलै २०२४ पासून आलाय पण त्या तारखेआधीपासून पेंडिंग असलेल्या मॅटरला जुनाच पुरावा कायदा लागतो, तेव्हा उभं राहून कलम सांगायच्या आधी दावा कधीचा ते बघा, ही चूक खूप जण करताहेत सध्या.

प्रश्न विचारून झाला की गप्प. साक्षीदार बोलेल, जज डिक्टेट करतील, टाइप होईल, तोपर्यंत पुढचा प्रश्न नाही. आणि कान डिक्टेशनकडे. साक्षीदार "आठवत नाही" म्हणाला आणि कागदावर "खरे नाही" गेलं तर तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, नम्रपणे: "सर, साक्षीदार आठवत नाही म्हणाले." संध्याकाळी कॉपी बघून हळहळण्यात अर्थ नाही. एखादं उत्तर साक्षीदाराच्या शब्दांतच जायला हवं असेल तर प्रश्न-उत्तर स्वरूपात घ्यायची विनंती करा, ऑर्डर १८ रूल १० मध्ये दिवाणी कोर्टाला तसा अधिकार आहे आणि वकिलाच्या विनंतीवरूनही ते करता येतं. बऱ्याच ज्युनियरना हे माहीतच नसतं.

शेवटी आपली केस साक्षीदाराला घालायची, म्हणजे सूचना. "मी असं सुचवतो की चेक सिक्युरिटी म्हणून दिला होता." उत्तर येणार "खरं नाही", येऊ द्या. ती घातलीच नाही तर युक्तिवादाच्या वेळी समोरचे म्हणतील साक्षीदाराला विचारलंच नव्हतं, आणि हा मुद्दा इंग्लंडमधल्या १८९३ च्या ब्राउन विरुद्ध डन ह्या निवाड्यापासून चालत आलाय, सहज सुटत नाही.

साक्षीदारावर ओरडणं हे सिनेमात. मुळशी-भोरकडची म्हातारी साक्षीला असेल तर तिच्याशी तिच्या भाषेत बोला, "वहिवाट" कळली नाही तर "रान कोण कसतं?" विचारा. तिला "अहो आजी" म्हणा, "ए बाई" नको. अपमान करायला किंवा चिडवायला विचारलेला प्रश्न कोर्टाने थांबवायचाच असं साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५५ मध्ये आहे, आणि जजच्या नजरेतून उतरता ते वेगळंच.

सायटेशन

थोडक्यात सांगतो. सायटेशन म्हणजे आधीच्या निवाड्याचा दाखला, त्यातला पॅरा वाचून दाखवू नका. कोर्ट कुठलं, वर्ष, कुठल्या मुद्द्यावर, पॅरा नंबर, आणि आपल्या केसला कसं लागू, एवढं दोन वाक्यांत, आणि त्या पॅराला खूण केलेली प्रत जजना आणि समोरच्यांना. एका मुद्द्याला एकच निवाडा. तो अजून चांगला कायदा आहे का ते आदल्या रात्री बघायचं.

घरचा सराव

आरशासमोर बोलायचं वगैरे सांगतात, मला ते फारसं उपयोगी वाटत नाही, आरशात माणूस स्वतःचा कोट बघतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा. उद्याचं मॅटर उभं राहून, फाईल हातात घेऊन, बोला आणि मग ते ऐकताना वही घेऊन लिहायचा प्रयत्न करा. जिथे हात मागे पडला तिथे वाक्य तोडा. जिथे "म्हणजे", "ॲक्चुअली", "तर सर असं आहे की" आलंय ते मोजा, पहिल्यांदा ऐकाल तेव्हा कसंनुसं होईल.

मग घरात जो कुणी वकील नाही त्याला दोन मिनिटांत केस सांगा आणि त्याला उलट विचारा, कोण कुणाकडे काय मागतंय? आईला नीट सांगता आलं नाही तर मुद्दा तुमच्याच डोक्यात साफ नाही, फाईल परत वाचा. आवाज बसत असेल तर सकाळी लॉ कॉलेजच्या टेकडीवर चढा आणि वर जाऊन अर्ज मोठ्याने वाचा, तिथे कुणी काही म्हणत नाही, पुण्यात टेकडीवर लोक याहून विचित्र गोष्टी करतात.

ऐकायला म्हणून वसंत व्याख्यानमालेलाही जाऊन बसा, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली, अजून उन्हाळ्यात टिळक स्मारकला भरते. चांगला वक्ता मुद्दा बदलताना कसा थांबतो ते बघण्यासारखं असतं, बाकी अलंकार वगैरे सोडून द्या.

आणि सीनियरकडे छोटी कामं मागून घ्या, पर्सिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) देणं, से दाखल करणं, मुदतवाढीचा अर्ज, लोकअदालतीत तडजोडीची बोलणी. बोलायची वेळ जेवढी जास्त येईल तेवढी भीती कमी होते, याला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

मॅटर झाल्यावर

त्याच संध्याकाळी ईकोर्ट्सवर सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, टाकून दिवसाची नोंद बघा, ऑर्डर अपलोड झाली की ती वाचा, साक्ष असेल तर नक्कल काढा. तुम्ही किती मुद्दे मांडले होते आणि कागदावर किती आले ते समोरासमोर ठेवा. जो आला नाही तो महत्त्वाचा असेल तर लेखी युक्तिवादात घाला, ऑर्डर १८ रूल २ मध्ये त्याची सोय आहे, आणि त्याची प्रत समोरच्यांना द्यावी लागते हे विसरू नका. साक्षीच्या नकलेवर पेन्सिलने खुणा करून ठेवा, कुठला प्रश्न सरळ उतरला आणि कुठल्याचा विचका झाला, म्हणजे पुढच्या साक्षीदाराचे प्रश्न काढताना ती नकल शेजारी घेऊन बसता येतं. मग डायरीत पुढची तारीख आणि काम लिहा आणि अशिलाला फोन करा, तो दुपारपासून वाट बघतोय.